सिडनीजवळ एका दिवसाचा बुशवॉक: कोणता ट्रॅक कोणासाठी?

आई-बाबा भारतातून आलेत, ऑपेरा हाऊस आणि हार्बर ब्रिज बघून झालेत, शनिवार मोकळा आहे. 'जवळपास छोटा बुशवॉक', म्हणजे जंगलातली पायी भटकंती, असं शोधलं की फोनवर ढीगभर नावं येतात. प्रत्येकाचा फोटो देखणा आणि प्रत्येकापुढे किलोमीटर लिहिलेले. चार म्हणजे किरकोळ, दहा म्हणजे जास्त, असा हिशेब करून आपण एक नाव ठरवतो. सिडनीच्या आसपास हा हिशेब हमखास चुकतो. इथे आधी बघायचं ते चढ सुरुवातीला आहे की शेवटी.

आपल्या पायांना सवय सह्याद्रीची. गड आधी चढायचा, वर डबा खायचा आणि मग उतरायचं. मध्येच कुणी दमलं तर तिथूनच मागे फिरायचं. पुढचं काम उतार करतो. सिडनीभोवतीचा मुलूख म्हणजे वालुकाश्माचं पठार, ओढ्यांनी आणि नद्यांनी खोल चिरलेलं. गावं, रस्ते, रेल्वे सगळं पठारावर. धबधब्याचा तळ, नेच्यांची दरी, गार सावली सगळं खाली. त्यामुळे इथले बरेचसे नावाजलेले ट्रॅक म्हणजे उलटे गड. उतरताना सगळे खुशीत असतात, फोटो निघतात, 'काहीच नाही हो हे' असं कुणीतरी म्हणतं. चढ लागतो तो शेवटी, पाय दमल्यावर आणि बाटलीतलं पाणी तळाला गेल्यावर. तिथून मागे फिरून उपयोग नाही, कारण मागेही चढच असतो.

म्हणून खालची तुलना मी अंतरावरून केलेली नाही. सोबतच्या माणसांपैकी ज्याचे गुडघे सगळ्यात कुरकुरतात किंवा ज्याचे पाय सगळ्यात छोटे आहेत, त्याला डोळ्यांपुढे ठेवून केली आहे.

ग्रेडचा आकडा किती मानायचा

ऑस्ट्रेलियात ट्रॅकना १ ते ५ असे ग्रेड देतात. ग्रेड १ म्हणजे पायऱ्या नाहीत, व्हीलचेअर जाईल, लांबी ५ किलोमीटरच्या आत. ग्रेड २ ला अनुभव लागत नाही आणि वाट बरी बांधलेली असते. ग्रेड ४ आणि ५ सवय असलेल्यांसाठी. फसवा आहे तो मधला ३. त्यात थोडे तीव्र चढ आणि भरपूर पायऱ्या चालतात, लांबी २० किलोमीटरपर्यंत असू शकते, आणि सिडनीभोवतीचे पुष्कळ लोकप्रिय ट्रॅक याच ग्रेडमध्ये येतात. एक ग्रेड ३ आरामात होतो, दुसरा पोटऱ्या धरायला लावतो. आकडा बघून थांबू नका. वर्णनात पायऱ्यांचा उल्लेख कुठे येतो ते वाचा. शिवाय अंतर एका बाजूचं दिलंय, जाऊन-येऊनचं दिलंय की गोल फेरीचं, हेही बघायचं. यातला घोळ सगळ्यात जास्त वेळा दिवस बिघडवतो.

ब्लू माउंटन्स: वरून बघायचं की खाली उतरायचं?

सिडनीच्या पश्चिमेच्या या डोंगराळ भागाचं नाव बहुतेक घरांत पहिलं निघतं, आणि ते रास्तच आहे. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनहून तिथल्या कटूम्बा गावाला ट्रेनने दोन तास लागतात, गाडी पॅरामाटाला थांबते, आणि शुक्रवार ते रविवार ओपल या प्रवासी कार्डावरची दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा इतर दिवसांच्या निम्मी असते. चौघांचं कुटुंब कार न काढता जाऊ शकतं. फक्त त्या शनिवार-रविवारी ट्रॅकवर्क, म्हणजे रुळांची दुरुस्ती, नाही ना ते आधी बघा. रेल्वेऐवजी बदली बसमध्ये बसावं लागलं तर प्रवासातच उत्साह संपतो.

पण 'ब्लू माउंटन्सला जाऊ' याला काही अर्थ नाही. तिथे कड्यावरून चालणारे ट्रॅक आहेत आणि दरीत उतरणारे आहेत, आणि या दोन जाती एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

ज्येष्ठांसाठी, प्रॅमसाठी किंवा व्हीलचेअरसाठी माझं पहिलं मत ब्लॅकहीथच्या फेअरफॅक्स हेरिटेज वॉकला. नॅशनल पार्कच्या हेरिटेज सेंटरपासून गोव्हेट्स लीपच्या कड्यापर्यंत एका बाजूने दोनेक किलोमीटर, वाट पक्की, पायऱ्यांची कटकट नाही. आणि शेवटी जे दिसतं ते कटूम्बाच्या गर्दीतल्या थ्री सिस्टर्स या तीन सुळक्यांपेक्षा काकणभर सरसच: ग्रोस नदीची आख्खी दरी, डावी-उजवीकडे पिवळे-केशरी कडे आणि १८० मीटरवरून पडणारा ब्राइडल व्हेल धबधबा. उन्हाळ्याअखेर त्याची नुसती धार उरते, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. याच दरीच्या तळाशी ब्लू गम फॉरेस्ट आहे. १९३१ साली तिथली झाडं तोडायची तयारी चालली होती, तेव्हा चालायला गेलेल्या काही लोकांनी पैसे जमवून १३० पौंडांना तो भाडेपट्टा विकत घेतला आणि जंगल वाचवलं. कड्यावर उभं राहून बाबांना सांगायला हा किस्सा बरा आहे. अडचण एकच: ब्लॅकहीथ स्टेशनापासून सुरुवातीची जागा दोन-तीन किलोमीटर लांब पडते. कार नसेल तर टॅक्सीचा विचार करा, नाहीतर खरा वॉक सुरू व्हायच्या आधीच तेवढंच चालणं होऊन जाईल.

कार अजिबात नको असेल तर मग वेंटवर्थ फॉल्सचा चार्ल्स डार्विन वॉक. स्टेशनाजवळच्या विल्सन पार्कपासून जेमिसन क्रीकच्या काठाकाठाने एका बाजूने अडीच किलोमीटर, आणि शेवटी धबधब्याच्या माथ्यापाशी. डार्विन इथून जानेवारी १८३६ मध्ये चालत गेला. तो तेव्हा २६ वर्षांचा होता आणि बीगल जहाज परतीच्या प्रवासात सिडनीला थांबलं होतं. जाताना वाट ओढ्याच्या कलाने हळूहळू उतरते, येताना तेवढीच हळूहळू चढते. सहासात वर्षांच्या मुलांना ही वाट जमते, कारण पाणी सतत सोबत असतं आणि दर पाच मिनिटांनी थांबायला काहीतरी सापडतं. मात्र पावसाळी आठवड्यानंतर काठाची वाट खराब होते. बंदची सूचना आहे का ते पाहूनच निघा. आणि धबधब्याच्या माथ्यावर पोचल्यावर खाली जाणाऱ्या पायऱ्या दिसतील. 'आलोच आहोत तर जाऊ थोडं खाली' हे वाक्य तिथे सगळ्यात महाग पडतं.

या दोघांच्या मधला पर्याय प्रिन्स हेन्री क्लिफ वॉक. कटूम्बा ते लूरा, कड्याच्या कडेने साधारण सात किलोमीटर. दोन्ही टोकांच्या गावांत रेल्वे स्टेशन, त्यामुळे आल्या वाटेने परत यावं लागत नाही. वाट दरीत उतरत नाही पण सपाटही नाही. छोटे चढ-उतार आणि पायऱ्या सतत लागतात. याचा खरा गुण म्हणजे वाटेत ठिकठिकाणी रस्त्यावर बाहेर पडता येतं. कुणी कंटाळलं की जवळच्या लुकआउटपाशी, म्हणजे दरी बघायच्या जागेपाशी, वर या आणि गावाकडे चालू लागा. ज्यांच्या तब्येतीचा अंदाज तुम्हाला नाही अशा पाहुण्यांसाठी याहून सोयीचा ट्रॅक या डोंगरात नाही.

खाली उतरायचंच असेल तर ग्रँड कॅन्यन. ब्लॅकहीथजवळ साधारण सहा किलोमीटरची फेरी, तीन-चार तास. नीट्स ग्लेनकडून उतरलं की हवा बदलते: भिंतीसारखे ओले खडक, नेचे, शेवाळ, वर आकाशाची चिंचोळी पट्टी. उन्हाळ्यातही खाली गारवा असतो. सिडनीभोवती एकच ट्रॅक करायचा तर कोणता, असं कुणी धडधाकट माणसाने विचारलं तर मी हाच सांगेन. पण हा उलट्या गडाचा नमुनाच आहे, शेवटचा भाग एव्हन्स लुकआउटपर्यंत सलग चढाचा. दहा वर्षांच्या पुढची काटक मुलं मजेत करतात. साठीच्या पुढे, रोज चालायची सवय असेल तरच. शिवाय दरड आणि दुरुस्तीमुळे हा अधूनमधून बंद असतो.

जायंट स्टेअरवेची गंमत वेगळी. थ्री सिस्टर्सच्या बाजूने आठशेच्या वर पायऱ्या उतरायच्या, दरीतून सपाटीने चालायचं, आणि वर यायला सीनिक रेल्वे. ५२ अंशांच्या उतारावर चालणारी ही गाडी तुमचा शेवटचा चढ पैसे घेऊन उचलते. तिकीट स्वस्त नाही. पण सातशे मीटर उंचीचा गड उतरून आलेल्या गुडघ्यांनाही ठाऊक असतं की उतरण्याच्या पायऱ्या चढण्यापेक्षा जास्त दुखवतात. त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांसाठी हा पर्याय दिसतो तितका सोपा नाही. त्यांनी गाडीनेच खाली जावं, बोर्डवॉकवर, म्हणजे खालच्या लाकडी वाटेवर, फिरावं आणि गाडीनेच वर यावं. शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघून ठेवायचं; ती चुकली तर वर यायला पायऱ्याच.

रॉयल नॅशनल पार्क: समुद्र हवा असेल तर

ब्लू माउंटन्सला तुम्ही एकदा जाऊन आला असाल तर पुढचा शनिवार दक्षिणेला न्या. रॉयल १८७९ सालचं, ऑस्ट्रेलियातलं पहिलं नॅशनल पार्क. जगात त्याच्या आधीचं म्हणून नाव निघतं ते यलोस्टोनचं. इथे कड्यांखाली दरी नाही, समुद्र आहे. त्यामुळे चालणं बहुतेक वेळा कड्याच्या माथ्यावरून होतं आणि शेवटचा चढ बसत नाही. गैरसोय अशी की चांगल्या जागा रेल्वेपासून लांब आहेत आणि कारला दिवसाचे १२ डॉलर प्रवेश शुल्क पडतं.

याला एक सुंदर अपवाद आहे, बंडीना. ट्रेनने क्रोनुला, तिथून पाच मिनिटांवरच्या धक्क्यावरून छोटी फेरी बोट, आणि पलीकडे उतरलं की गाव आणि जंगल एकत्रच सुरू. जिबनची फेरी पाचेक किलोमीटरची, जवळजवळ सपाट. वाटेत धरावल लोकांनी खडकावर कोरलेली चित्रं आहेत: देवमासे, स्टिंग रे, सहा बोटांची एक मानवाकृती. वरून बघायला लाकडी मार्ग बांधलाय. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात रेषा स्पष्ट दिसतात, भर दुपारी दगड कोरा वाटतो. खडकावर पाय ठेवायचा नाही, रेषा ओल्या करून फोटो काढायचे नाहीत. ट्रेन, बोट, समुद्रकिनारा, थोडं जंगल आणि हजारो वर्षांच्या परंपरेची चित्रं, हे सगळं एका दिवसात बसतं आणि गुडघ्याला काही कळत नाही. आजी-आजोबा आणि नातवंडं एकाच गटात असतील तर आख्ख्या सिडनीत माझी पहिली पसंती हीच.

कार असेल तर वॉटामोला. पिकनिकची जागा, खाजण, किनारा, आणि इथूनच कोस्ट ट्रॅकवर दक्षिणेला ईगल रॉकपर्यंत जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर. बराचसा भाग उघड्या माळावरून जातो, म्हणजे सावली नाही. डिसेंबर-जानेवारीच्या, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातल्या, दुपारी ही वाट टाळाच. जून-जुलैमध्ये मात्र इथल्यासारखी मजा नाही: हवा कोरडी, आणि उत्तरेकडे निघालेले हम्पबॅक देवमासे कड्यावरून दिसतात. ईगल रॉकजवळ करकराँगचा धबधबा थेट समुद्रात पडतो; वारा जोराचा असेल तर पाणी उलटं वर उडतं. उन्हाळ्यातल्या रविवारी वॉटामोलाचं पार्किंग सकाळीच भरतं, तेव्हा नऊच्या आत पोचा नाहीतर दुसरीकडे जा.

पावसाळी, ढगाळ दिवशी याच पार्कमध्ये फॉरेस्ट पाथ. साडेचार किलोमीटरची फेरी, जवळपास सपाट, दाट सावलीची; वाट १८८६ साली काढलेली आहे. समुद्राच्या बाजूचं झुडपी रान आणि हे उंच, ओलं रान एकाच पार्कमध्ये आहेत हे पटत नाही. जळवा असतात. मोजे पँटवर ओढून घ्या, आणि आईला आधीच सांगा, म्हणजे ओरडा कमी होईल.

फिगर एट पूल्सबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण फोटो बघून घरातलं कुणीतरी ते नाव काढणारच. ही खडकावरची नैसर्गिक डबकी ओहोटीलाच उघडी पडतात आणि तिथे अचानक आलेल्या लाटांनी माणसं खडकांवरून फरफटली गेली आहेत. नॅशनल पार्क्स त्यासाठी रोजचा धोक्याचा अंदाज प्रसिद्ध करतं. एखाद्या ठिकाणासाठी एवढी यंत्रणा उभी करावी लागते यातच काय ते आलं. शिवाय परतीचा चढ दणदणीत. पाहुण्यांना घेऊन जायची ही जागा नव्हे. वेडिंग केक रॉक, कड्यावरचा पांढरा खडक, हे असंच दुसरं नाव. त्याला कुंपण आहे, ते ओलांडायचं नाही.

मॅनली की वेस्ट हेड?

उत्तरेकडची ही दोन नावं नेहमी एकत्र घेतली जातात, पण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

स्पिट ब्रिज ते मॅनली हा दहा किलोमीटरचा ट्रॅक अर्धा शहरातला आणि अर्धा जंगलातला. एका वळणावर कुणाच्या तरी बंगल्याची मागची बाजू, पुढच्या वळणावर बँक्सियाची झाडं आणि खाली हार्बरचं निळं पाणी. डोब्रॉइड हेडवर रान सगळ्यात छान आहे, आणि ग्रोटो पॉइंटजवळ खडकातली कोरीव चित्रं आहेत. दिशा कोणती, यावर लोक वाद घालतात. माझ्या मते स्पिटकडून मॅनलीला यावं: शेवटी खायला-प्यायला जागा, स्वच्छतागृहं, आणि परत यायला मॅनलीची फेरी बोट, जी स्वतःच एक सहल आहे. दहा जास्त वाटत असतील तर क्लॉन्टार्फपर्यंत चालून थांबा, किंवा मॅनलीच्या बाजूने फॉर्टी बास्केट्सपर्यंत जाऊन परत या. जागोजागी रस्ता जवळ असल्याने अडकून पडायची भीती नाही. 'बुश' म्हणून मात्र हा थोडा सौम्यच. ज्याला माणसांचा आवाज नको आहे त्याचं इथे समाधान होणार नाही.

वेस्ट हेड त्याच्या उलट. कु-रिंग-गाय चेस नॅशनल पार्कच्या टोकाला, कारशिवाय पर्याय नाही, शुल्क १२ डॉलर, आणि लांबलचक रस्त्याच्या शेवटी एकदम पिटवॉटरची खाडी, समोर बॅरनजोईचं दीपगृह, डावीकडे लायन आयलंड. लुकआउट पार्किंगला लागूनच आहे. याचा अर्थ घरातले निम्मे लोक बाकावर बसून गप्पा मारू शकतात आणि उरलेले निम्मे रेड हँड्सच्या वाटेने साडेचार किलोमीटरची फेरी करून येऊ शकतात. खडकाच्या छपराखाली गेरूने उमटवलेले हाताचे ठसे बघताना कुणीही आपोआप गप्प होतं. फेरीत किनाऱ्यापर्यंत उतार आहे, आणि तेवढाच चढ परत.

समोर जे दीपगृह दिसतं, पाम बीचचं बॅरनजोई, ते १८८१ सालचं. तिथली वाट मात्र आपल्या ओळखीची. आधी चढ, मग माथा, मग उतार. पायऱ्यांची स्मगलर्स ट्रॅक तीव्र आणि छोटी, दुसरी गाडीवाट लांब पण सुसह्य. चढ शंभरेक मीटरचा, जाऊन-येऊन दोनेक किलोमीटर. राजगड-तोरण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या वडिलांना घेऊन जायला याहून चांगली जागा नाही, त्यांचा अंदाज इथे चुकणार नाही.

अर्धाच दिवस असेल तर

पॅरामाटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल भागात राहणाऱ्यांना लेक पॅरामाटा घराच्या अंगणात आहे आणि तरी तिथे गेलेले लोक कमी भेटतात. १८५६ साली बांधलेलं दगडी कमानीचं धरण, त्यामागचा तलाव, भोवती चारेक किलोमीटरची खडकाळ पण छोटी वाट. शुल्क नाही. दोनदा पाय घसरेल असे खडक आहेत, तेव्हा सपाट बागेत चाललोय असं समजून चप्पल घालून जाऊ नका. मुलांचा पहिला बुशवॉक कुठे करायचा, या प्रश्नाचं हे उत्तर.

हिल्स भागात राहणाऱ्यांसाठी वेस्ट पेनंट हिल्सचं कंबरलँड स्टेट फॉरेस्ट. उंच झाडं, छोट्या वाटा, तासाभरात परत. फार अपेक्षा ठेवू नका. सकाळच्या चहाआधी पाय मोकळे करायला झकास आहे.

महिना बदलला की निवड बदलते

डिसेंबर ते फेब्रुवारी दरीतले आणि पाण्याजवळचे ट्रॅक, तेही पहाटे. उघड्या कड्यांवरची पाळी जून ते सप्टेंबर. ऑगस्टमध्ये वॉटल पिवळी धमक फुलते, सप्टेंबर-ऑक्टोबरात ब्लू माउंटन्समध्ये वाराताहची लाल फुलं दिसू शकतात. हिवाळ्यात कटूम्बाला सिडनीपेक्षा बरीच थंडी आणि बोचरा वारा असतो. भारतातून आलेल्यांकडे त्या मानाचं जॅकेट नसतं, ते तुम्ही जादा घ्या. जूनमध्ये सूर्य पाचच्या आत मावळतो आणि दरीत अंधार त्याच्याही आधी पडतो. दुपारी दोनला ग्रँड कॅन्यन सुरू करायचा नाही.

एक ऑक्टोबर ते ३१ मार्च हा वणव्यांचा हंगाम. धोक्याच्या चार पायऱ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटस्ट्रॉफिक. टोटल फायर बॅनच्या दिवशी पार्कमध्ये घरून नेलेली शेगडी पेटवता येत नाही, म्हणजे तिथे गरम चहा करायचा बेत रद्द. थर्मास भरून न्या. धोका वाढला तर पार्कच बंद होतं, आणि ते सकाळी कळतं. अशा दिवसासाठी दुसरा बेत शहरातला असावा, दुसऱ्या पार्कातला नको, कारण तेही बंद असण्याची शक्यता असते.

सापांची भीती पाहुण्यांना सगळ्यात जास्त वाटते. साप आहेत, विषारी आहेत, आणि तुमच्या पावलांचा धप्प आवाज आला की बहुतेक वेळा निघून जातात. वाटेवर आडवा दिसला तर थांबा, मागे सरका, त्याला जाऊ द्या. चावलाच तर जखम धुवायची नाही, कापायची नाही. रुंद क्रेप बँडेज घट्ट गुंडाळून अवयव हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचं नाही आणि ००० या आपत्कालीन नंबरला फोन करायचा. असं एक बँडेज पिशवीत ठेवा. माझ्या मते साप नव्हे, गोचीड जास्त त्रास देते. घरी आल्यावर सगळ्यांचे कान, मान, केसांची कड तपासा.

माहिती कुठली खरी मानायची

शोधण्याचे तीन मार्ग लोक वापरतात. चालणाऱ्यांनीच टाकलेले मार्ग दाखवणारी ॲप्स कल्पना सुचायला आणि अलीकडचे फोटो बघायला उत्तम, पण कुणीतरी कुंपण ओलांडून काढलेली वाटही त्यात तितक्याच आत्मविश्वासाने दिसते. ओळखीच्या ग्रुपवर 'कुठे जाऊ' विचारलं की सांगणारा स्वतःच्या तब्येतीवरून सांगतो. त्याला आधी विचारा, सोबत कोण होतं. एनएसडब्ल्यू (न्यू साउथ वेल्स राज्य) नॅशनल पार्क्सची वेबसाइट सगळ्यात रुक्ष, पण बंद ट्रॅक, शुल्क, ग्रेड आणि पायऱ्यांचा खरा उल्लेख तिथेच. माझी पद्धत अशी: नाव ॲपवरून, माणसांबद्दलचा अंदाज ग्रुपवरून, आणि निघायच्या दिवशी सकाळी सूचनांचं पान सरकारी वेबसाइटवर. मॅनलीच्या वाटेवर किंवा लेक पॅरामाटासारख्या ठिकाणी काउन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, वेबसाइटही बघावी लागते, कारण तो सगळा भाग नॅशनल पार्कचा नाही. कुत्रं सोबत असेल तर हा फरक महत्त्वाचा: नॅशनल पार्कात त्याला प्रवेश नाही.

नकाशा घरूनच फोनवर उतरवून घ्या, दरीत नेटवर्क जातं. इमर्जन्सी प्लस नावाचं मोफत ॲप ठेवा, ००० ला फोन लावताना आपण नेमके कुठे आहोत ते त्यावर दिसतं. कुठे चाललोय आणि किती वाजेपर्यंत परत येऊ, हे घरी राहिलेल्या एकाला सांगून निघा, आणि परत आल्यावर त्याला कळवायला विसरू नका.

अजूनही ठरत नसेल तर असं करा. कार नाही आणि तीन पिढ्या सोबत आहेत, तर बंडीना. कार आहे आणि कुणाला चालायचं आहे, कुणाला नाही, तर वेस्ट हेड. पाहुण्यांना दरी दाखवायचीच आहे पण उतरवायचं नाही, तर गोव्हेट्स लीप. आणि ते परत गेल्यानंतरच्या पहिल्या मोकळ्या शनिवारी, तुम्ही दोघंच असाल तेव्हा, ग्रँड कॅन्यन. ब्लॅकहीथहून सकाळी नवाच्या सुमारास सुरू केला तर जेवायच्या वेळेपर्यंत वर.